पाच मिनिटांचा जमाखर्च



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या सभागृहातले निम्मे लोक नुसतं 'सर' म्हणत आले. मीही तेच म्हणणार आहे. सर दिवसा शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सच्या गच्चीवर आम्हा पोरांना. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला काळा रंग देऊन त्यांनी तिचा फळा केला होता. पालमची विमानं डोक्यावरून जायची. विमान आलं की सर बोलायचे थांबत, आवाज विरला की वाक्य होतं तिथूनच पुढे सुरू करत. फी नव्हती. एकच अट होती. उत्तरापुढे एकक लिहिलं पाहिजे. नुसता आकडा लिहिला की खडू टाकीवर ठक् करून वाजायचा आणि प्रश्न यायचा, "तीनशे काय? आंबे?"

आजचा विषय मी त्याच गच्चीवरून सुरू करतो, कारण तो मला तिथेच पहिल्यांदा भेटला.

३ डिसेंबर १९७१. शुक्रवार होता. दत्तजयंती होऊन एक-दोन दिवस झाले होते. त्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर, उत्तरलाई, पार आग्र्यापर्यंत. दिल्लीत ब्लॅकआउट झाला. घरोघरी खिडक्यांना काळे कागद लागले, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग लागला. मी तेरा वर्षांचा होतो. दिवे गेले तसे आम्ही गच्चीवर धावलो आणि पाहिलं, तर पौर्णिमा नुकतीच सरलेली, चांदणं असं पडलेलं की आज जिथे मलाई मंदिर आहे ती टेकडीसुद्धा स्पष्ट दिसत होती. दिवे घालवून आपण काय लपवलं, असं मी सरांना विचारलं. त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. खडू घेतला आणि चांदण्यातच टाकीवर लिहिलं: लाहोरपासून दिल्ली, सरळ रेषेत, ढोबळमानाने ४५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९००. किती वेळ?

"अर्धा तास," मी म्हणालो.

"अर्ध्या तासात काय काय होऊ शकतं ते लिही," सर म्हणाले.

बरंच काही होऊ शकत होतं. त्या काळी सीमेवर हवाई दलाच्या निरीक्षण चौक्या असत. दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसलेले दोन-चार जवान. ते विमान पाहत, कळवत. रडार ते उचलून घेई, आपली विमानं उडत, विमानविरोधी तोफा तयार होत, भोंगे वाजत, आया मुलांना जिन्याखाली नेत. अर्धा तास हा माणसाच्या मापाचा वेळ होता.

आता तेच ४५० किलोमीटर घ्या आणि विमानाऐवजी बॅलिस्टिक क्षेपणास्त्र घ्या. हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. गोफणीतून सुटलेला दगड. इंजिन मिनिटभर जळतं आणि विझतं. पुढचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणाचा. अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र लावा. हवा विसरा, पृथ्वीचा गोलावा विसरा, ४५ अंशांचा कोन धरा. ४५० किलोमीटर पल्ल्याला सुरुवातीचा वेग येतो सेकंदाला २.१ किलोमीटर. सर्वांत वरचं टोक येतं ११२ किलोमीटरवर, म्हणजे अवकाशात. आणि एकूण वेळ येतो ३०३ सेकंद.

पाच मिनिटं आणि वर तीन सेकंद.

क्षेपणास्त्र-संरक्षणाची सगळी विद्या या ३०३ सेकंदांचा जमाखर्च आहे, आणि तेवढंच मला आज सांगायचं आहे. मी आयुष्याची तीसेक वर्षं रडारच्या गणितात घालवली. लोक भेटतात तेव्हा विचारतात, आपल्याकडे तसं 'कवच' आहे का, ते 'अभेद्य' आहे का. हे दोन्ही शब्द मला खटकतात. कवच म्हटलं की डोळ्यांपुढे पत्रा येतो, घुमट येतो. इथे पत्रा नाही. इथे सेकंद आहेत, आणि ते कोणी कुठे खर्च केले याचा हिशेब आहे.

पहिला खर्च क्षितिजाचा. रडारची किरणं सरळ जातात, जमीन वाकते. चारशे किलोमीटरवरून सुटलेलं क्षेपणास्त्र आपल्या रडारला जमिनीवर दिसतच नाही. हवेत किरणं थोडी वाकतात हे जमेस धरलं, तरी ते नऊ-दहा किलोमीटर वर चढेपर्यंत पृथ्वीच्या आड असतं. पहिलं अर्धं मिनिट असंच जातं, आणि ते भूगोलाने घेतलेलं असतं. त्याच्यावर उपाय म्हणजे रडार पुढे नेणं, उंच नेणं, विमानात ठेवणं किंवा उपग्रहातून ज्वाळेची उष्णता पाहणं.

दुसरा खर्च पाहण्याचा. इथे निसर्ग फार कठोर आहे. रडार आवाज दिल्यासारखा रेडिओलहरींचा ठोका सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं. जाताना लहर पसरते, येताना पुन्हा पसरते. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो. बाकी काही न बदलता पल्ला दुप्पट करायचा, तर ताकद सोळापट हवी. आपल्या क्षेपणास्त्र-संरक्षण कार्यक्रमासाठीचं लांब पल्ल्याचं रडार, 'स्वोर्डफिश', इस्राएलच्या 'ग्रीन पाइन' रडारच्या आधाराने घडलं. त्याचा पल्ला सुरुवातीला सहाशे किलोमीटरच्या आसपास सांगितला जाई. सहाशेवरून बाराशेवर जाणं हे कागदावर एका शून्याचंही काम नाही, पण प्रयोगशाळेत ती कित्येक वर्षांची तपश्चर्या असते. हे रडार मान फिरवत नाही. त्याच्या तोंडावर छोट्या छोट्या प्रक्षेपकांची रांगच रांग असते, आणि प्रत्येकाची लहर किंचित पुढेमागे करून झोत पाहिजे तिकडे वळवला जातो. वारीत दिंडीच्या एका टोकाने पाऊल आखडलं की सगळी रांग आपोआप वळते, तसं. फक्त हे वळण सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात होतं. म्हणून एकच रडार आकाशाचा एक कोपरा शोधतं, दुसऱ्या कोपऱ्यातल्या वस्तूचा माग ठेवतं आणि आपल्या बाणाला, म्हणजे अडवणाऱ्या क्षेपणास्त्राला, वाट दाखवतं.

दिसलं म्हणजे कळलं असं नाही. दहा-वीस सेकंद माग काढल्यावर गणित सांगतं की ही वस्तू गोफणीच्या दगडासारखी जाते आहे आणि अमुक ठिकाणी पडणार आहे. इथे क्षेपणास्त्राचा एक दुबळेपणा आपल्या उपयोगी पडतो. इंजिन विझल्यावर ते मन बदलू शकत नाही. केपलर आणि न्यूटन आपल्या बाजूने असतात. पुढच्या पिढीची शस्त्रं हाच दुबळेपणा काढू पाहत आहेत. वातावरणात शिरल्यावर वळणारी, घसरत येणारी शस्त्रं. त्यांच्यापुढे हे गणित अवघड होतं, हे मी इथे नुसतं नोंदवून ठेवतो.

आता शेवटाकडून हिशेब मांडू. सरांची ती सवय होती. गणित अडलं की उत्तराच्या बाजूने या. जमिनीपासून ५० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्र अडवायचं, तर त्या क्षणी आदळायला उरलेले असतात ३९ सेकंद. १५ किलोमीटरवर अडवायचं, तर १० सेकंद. आपल्या कार्यक्रमाचा पाया या दोन थरांवर घातला गेला. २७ नोव्हेंबर २००६ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर पहिली चाचणी झाली. चांदीपूरहून 'पृथ्वी' क्षेपणास्त्र शत्रूचं म्हणून सोडलं, आणि व्हीलर बेटावरून सुटलेल्या अडवणाऱ्या क्षेपणास्त्राने, म्हणजे 'पॅड'ने, ते ४८ किलोमीटर उंचीवर गाठलं. ६ डिसेंबर २००७ रोजी खालच्या थराचं 'एएडी' तपासलं गेलं. ते १५ किलोमीटरवर लागलं. कार्यक्रमाच्या मुळाशी डॉ. विजयकुमार सारस्वत होते, पुढे ते डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. त्या बेटाला आज डॉ. अब्दुल कलामांचं नाव आहे.

वरचा थर आणि खालचा थर, असे दोन का? मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो तो हा प्रश्न. अवकाशात हवा नसते. तिथे जड वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राचं स्फोटक टोक, आणि त्याच्याच आकाराचा फुगवलेला हलका फुगा एकाच वेगाने, एकाच वाटेने चालतात. चंद्रावर डेव्हिड स्कॉट यांनी १९७१ मध्येच हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं होतं, दोन्ही एकदम पडले. तसंच हे. शत्रूने चार फुगे सोबत सोडले, तर वरच्या थरातल्या आपल्या रडारला पाच वस्तू दिसतात आणि खरी कोणती हे कळणं महाकठीण होतं. पण वातावरण सुरू झालं की हवा स्वतःच पाखडायला बसते. सुपात धान्य पाखडताना हलकं फोलपट वेगळं होतं तसे फुगे मागे पडतात, जळतात, आणि जड ते पुढे येतं. म्हणजे वर वेळ आहे पण ओळख नाही, खाली ओळख आहे पण वेळ नाही. दोन थर हा या पेचावरचा तोडगा आहे, आणि तो पूर्ण तोडगा नाही.

शिवाय हेही पाहा. वरच्या थरात भेट होते तेव्हा सुरुवातीपासून २६४ सेकंद झालेले असतात. खालच्या थराची भेट २९३ व्या सेकंदाला आहे, आणि तिथवर चढायला आपल्या दुसऱ्या बाणाला अर्धं मिनिट धरा. म्हणजे पहिल्या बाणाचा निकाल कळतो त्याच क्षणी दुसरा सुटलेला असावा लागतो. 'लागला का पाहू, नाहीतर दुसरा मारू' एवढी उसंत इथे नाही.

बाण लक्ष्याजवळ पोचतो तेव्हाचा क्षण पाहू. समोरून येणारं सेकंदाला दोन किलोमीटरने येतं, आपलं साधारण दीड किलोमीटरने जातं. दोघं एकमेकांकडे सेकंदाला साडेतीन किलोमीटरने धावतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात साडेतीन मीटर! हजारावा भाग चुकला तर वॉरहेडच्या लांबीइतकी चूक होते. म्हणून जमिनीवरच्या रडारचा हात शेवटच्या काही सेकंदांत सुटतो आणि बाणाच्या नाकातला शोधक, म्हणजे सीकर, डोळा उघडतो. खालच्या थरात तो रेडिओलहरींचा. वरच्या थरासाठी पुढे जे 'पीडीव्ही' आलं, त्याला उष्णता पाहणारा डोळा दिला, कारण अवकाशाच्या थंड काळ्या पार्श्वभूमीवर कोमट वस्तूसुद्धा निखाऱ्यासारखी दिसते. ११ फेब्रुवारी २०१७ च्या चाचणीत पीडीव्हीने ९७ किलोमीटर उंचीवर लक्ष्य गाठलं. २७ मार्च २०१९ च्या 'मिशन शक्ती'त याच घराण्यातल्या क्षेपणास्त्राने २८० किलोमीटरच्या आसपास फिरणारा आपलाच उपग्रह फोडला. त्या दिवशी सगळ्यांनी अवकाशातल्या ताकदीची चर्चा केली. मला आनंद झाला तो त्या डोळ्याचा.

अपयशंही आली, आणि ती सांगितलीच पाहिजेत. १५ मार्च २०१० च्या चाचणीत लक्ष्य म्हणून सोडलेलं क्षेपणास्त्रच वाटेवरून भरकटलं आणि अडवणारं सुटलंच नाही. ६ एप्रिल २०१५ ला एएडी सुटल्यावर काही सेकंदांतच समुद्रात गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उडालं. मधल्या साडेसात महिन्यांत काही घरांत दिवाळी कशी झाली असेल, हे या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. २ नोव्हेंबर २०२२ ला कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्याचं अडवणारं क्षेपणास्त्र 'एडी-१' उडालं आणि २४ जुलै २०२४ च्या चाचणीनंतर ५००० किलोमीटर वर्गातल्या क्षेपणास्त्रांपासून बचावाची क्षमता दाखवल्याचं सरकारने सांगितलं. तिथे येणाऱ्या वस्तूचा वेग आपल्या फळ्यावरच्या वेगाच्या दुपटीहून बराच जास्त असतो.

आता थोडं आपल्या घराकडे येतो. दिल्लीत बसून महाराष्ट्राचं कौतुक करण्याची आपल्याला सवय आहे आणि ती मला आवडते. पण या कामातला मराठी मुलखाचा वाटा कौतुकापेक्षा समजून घेण्याजोगा आहे. पुण्यात पाषाणजवळ सुतारवाडीला एचईएमआरएल आहे, स्फोटकं आणि रॉकेटची इंधनं हा तिचा विषय. घन इंधन म्हणजे काय? अमोनियम परक्लोरेटचे दाणे, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारा रबरासारखा द्रव. मोठ्या मिश्रकात हे सगळं हळूहळू, माणसांपासून दूर, मातीच्या भिंतीआड कालवतात. इडलीच्या पिठाइतकं सैल झालं की निर्वात करून साच्यात ओततात, मधोमध एक दांडा ठेवून. मग कित्येक दिवस ऊब देऊन मुरवतात. दांडा काढला की पोकळी राहते, तिच्या आकारावर बाण किती जोरात आणि किती वेळ जळेल हे ठरतं. शेवटी क्ष-किरणांनी तपासणी. आत केसाएवढी भेग असली तर ज्वाला त्या भेगेत शिरते, जळणारं क्षेत्र वाढतं, दाब चढतो आणि बाण हवेत जाण्याऐवजी उभ्या जागी फुटतो. म्हणून या कामातली माणसं घाईला भितात. एका अर्थी पाच मिनिटांचा जमाखर्च इथे कित्येक दिवस आधी सुरू होतो. बाणाने किती सेकंदांत किती चढायचं हे या मुरवणीत ठरतं. थुंब्याला अवकाश कार्यक्रमात हे शास्त्र ज्यांनी रुजवलं ते डॉ. वसंत गोवारीकर पुण्याचेच. आपल्यातल्या बहुतेकांना ते मॉन्सूनच्या अंदाजामुळे आठवतात. रॉकेटच्या पोटातलं हे पीठही त्यांच्या हातचं होतं.

तसंच पुण्याजवळ दिघीला आर अँड डीई ही लष्करी अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आहे. 'आकाश' क्षेपणास्त्राचे प्रक्षेपक तिथे आखले गेले. प्रक्षेपक म्हणजे नुसता स्टँड नव्हे. खडबडीत रस्त्यावरून क्षेपणास्त्र वाहून न्यायचं, थांबल्याबरोबर गाडी पायांवर समतल करायची, उत्तर दिशा नेमकी धरायची आणि वळायचं. उत्तर दिशा एक हजारांश रेडियन चुकली, तर तीनशे किलोमीटरवर तीनशे मीटरची चूक होते. हे काम करणारे वेल्डर, फिटर, ड्राफ्ट्समन यांची नावं कुठल्याही व्याख्यानात येत नाहीत.

'आकाश' बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी नाही. तो विमानं, ड्रोन, क्रूझ क्षेपणास्त्रं यांच्यासाठी आहे, पल्ला पंचवीस किलोमीटर. पण मे २०२५ मध्ये आपण पाहिलं की खरी लढाई पुस्तकातल्या वर्गवारीप्रमाणे येत नाही. ७ आणि ८ मेच्या रात्री अवंतीपूरपासून भुजपर्यंत पंधरा ठिकाणी पाकिस्तानची ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली. यादी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर, उत्तरलाई. चोपन्न वर्षांपूर्वी गच्चीवर ऐकलेली तीच गावं. त्या वेळी बचावाला रशियाकडून घेतलेली एस-४०० होती, इस्राएलबरोबर केलेलं मध्यम पल्ल्याचं क्षेपणास्त्र होतं, आपला 'आकाश' होता आणि जुन्या एल-७० तोफाही होत्या. या सगळ्यांना एका दोरीत ओवलं होतं हवाई दलाच्या एकात्मिक नियंत्रण जाळ्याने. माझ्या मते खरा पराक्रम त्या दोरीचा. वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या दशकांतली यंत्रं एकच आकाश एकाच वेळी पाहतात, हे सोपं नाही. पुढे १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून २०३५ पर्यंतच्या 'सुदर्शन चक्र' मोहिमेची घोषणा झाली आणि २३ ऑगस्टला ओडिशाच्या किनाऱ्यावर तीन थरांच्या एकत्रित हवाई-संरक्षण यंत्रणेची पहिली चाचणी झाली.

'एकाच वेळी' असं मी म्हणालो. या शब्दांवर मला थांबायचं आहे.

२५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियात धाहरानला अमेरिकेची 'पेट्रियट' यंत्रणा पहाऱ्यावर होती. इराकचं 'स्कड' आलं, रडारला दिसलं, आणि पेट्रियट सुटलंच नाही. बराकीत २८ सैनिक मेले. कारण काय होतं? यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. आपल्या दशमान पद्धतीत एक दशांश म्हणजे ०.१, सरळ. संगणक फक्त शून्य आणि एक जाणतो, आणि त्याच्या पद्धतीत एक दशांश कधी संपतच नाही. आपल्याकडे एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ पुढे चालतच राहतं, तसा. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तो चोवीस अंकांवर तोडला. प्रत्येक ठोक्याला सेकंदाच्या कोटीव्या भागाइतकी चूक. यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. शंभर तासांत छत्तीस लाख ठोके. चूक साचून झाली सेकंदाचा एक तृतीयांश. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने पुढचा झोत टाकला तो जिथे स्कड नव्हतं तिथे. तिथे काही नाही, म्हणजे धोका नाही, असं यंत्राने ठरवलं. दुरुस्त केलेली आज्ञावली धाहरानला पोचली दुसऱ्या दिवशी.

मी हा किस्सा दर वर्षी नव्या मुलांना सांगत असे. एकदाही सांगताना मन स्थिर राहिलं नाही.

उलट बाजूही आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी इशारा दिला की अमेरिकेतून क्षेपणास्त्रं निघाली आहेत. आधी एक, मग आणखी चार. स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा अधिकारी पहाऱ्यावर होता. खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही, असं त्याने ठरवलं आणि वर 'खोटा इशारा' म्हणून कळवलं. उंच ढगांवरून परतलेलं ऊन उपग्रहाने ज्वाळा समजून घेतलं होतं. पेत्रोवपाशी काही मिनिटं होती, कारण दोन्ही देशांमध्ये अर्ध्या जगाचं अंतर होतं. आपल्यामध्ये आणि शेजाऱ्यामध्ये फळ्यावरचं अंतर आहे. ९ मार्च २०२२ रोजी देखभाल चालू असताना आपल्याकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. कोणी दगावलं नाही. सरकारने खेद व्यक्त केला, चौकशी झाली, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. त्या दिवशी मी दिवसभर एकच गणित करत होतो. पलीकडच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला किती सेकंद मिळाले असतील?

जमाखर्चात एक रक्कम अशी आहे जी आपल्या वहीत दिसत नाही, पण भरावी लागते. आपण ढाल जाड केली की समोरचा भाले वाढवतो. २४ जानेवारी २०१७ ला पाकिस्तानने 'अबाबील' तपासलं, एका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड नेण्यासाठी, आणि या प्रदेशात वाढत चाललेल्या क्षेपणास्त्र-संरक्षणाचंच कारण दिलं. आपणही ११ मार्च २०२४ ला 'अग्नि-५'वर तीच विद्या दाखवली. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये ढालींवरच मर्यादा घालणारा करार केला होता तो याच भीतीने, आणि २००२ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. मी शस्त्रांच्या कामात आयुष्य काढलेला माणूस आहे. ढाल असू नये असं मी म्हणणार नाही. या शहरात माझी नातवंडं राहतात. पण ढाल आहे म्हणून कोणी बोलण्याचं दार लावून घेतलं, तर ३०३ सेकंदांतला एकही सेकंद वाढत नाही, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

आता तो हिशेब पुरा करतो. ३०३ मधून क्षितिजाचं अर्धं मिनिट गेलं, माग काढण्याचे वीस सेकंद गेले. वरच्या थरासाठी शेवटचे ३९ सेकंद वापरता येत नाहीत. आपला बाण पन्नास किलोमीटर चढायला मिनिटभर. उरतात दीडशेच्या आसपास. त्यात तारेवरून संदेश जाणं, दुसऱ्या रडारने दुजोरा देणं, कोणती तुकडी मारणार ते ठरणं. ते वजा केलं की माणसाच्या वाट्याला मिनिट, फार तर दीड मिनिट. यंत्राला हा वेळ नको असतो, ते माणसाशिवाय चालू शकतं. पण मी ज्या खोल्यांत बसलो, तिथे माणूस असावा असंच मला नेहमी वाटलं, आणि का वाटलं ते सांगून थांबतो.

बरीच वर्षं झाली. एका सरावात दोन रडार जोडून पाहायची होती. लक्ष्य म्हणून आपलंच एक विमान उडत होतं. पडद्यावर मात्र दोन दिसू लागली, एकामागे एक, किलोमीटरभर अंतराने. संगणकाने दोन वेगळे क्रमांक दिले. वरिष्ठ मंडळी म्हणाली, दुसरं कोणाचं ते शोधा, आणि खोलीत धावपळ सुरू झाली. पडद्यासमोर एक तरुण अधिकारी होती, सांगलीकडची. ती काही बोलली नाही. कागदावर आकडे उतरवत राहिली. विमानाचा वेग कमी झाला, तेव्हा दोन ठिपक्यांमधलं अंतर कमी झालं. वाढला, तेव्हा वाढलं. तिने प्रत्येक वेळी अंतराला वेगाने भागलं होतं. मग मागे वळून मला म्हणाली, "सर, दर वेळी चारच येतात."

मी विचारलं, "चार काय?"

"सेकंद," ती म्हणाली. "विमान एकच आहे. दोन रडारांची घड्याळं चार सेकंदांनी चुकलेली आहेत."